मंची, छुर्पी आणि बंद दार

विठ्ठलवाडी हे कल्याण सोडल्यावर कर्जतच्या बाजूचं पहिलं स्टेशन. एका अंगाला उल्हासनगर, दुसऱ्या अंगाला कल्याण पूर्वेची दाट वस्ती. इथली माणसं सकाळी मुंबईच्या दिशेने निघतात ती दिवेलागणीनंतरच घरी येतात. नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलं शाळेत नाहीतर क्लासला, आणि वन बीएचकेमध्ये लॅब्रॅडॉर किंवा शिट्झू एकटा. त्याने सोफा फाडू नये, भुंकून शेजाऱ्यांची झोप मोडू नये, म्हणून दार ओढण्याआधी त्याच्यापुढे चघळायला काहीतरी टाकायची सवय घराघरांत पडली आहे. कुत्र्याला चघळायला देण्याच्या वस्तूंचा सगळा धोका मला या एका सवयीत दिसतो. या वस्तू माणसाच्या नजरेसमोर खायच्या असतात आणि आपण त्या नेमक्या घरात कुणी नसताना देतो.

चघळणं बंद करा असं कुणीही म्हणणार नाही. पिल्लाचे २८ दुधाचे दात चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांत ४२ कायमचे दात येतात. त्या काळात हिरड्या इतक्या शिवशिवतात की चपला, टेबलाचे पाय, चार्जरची वायर, काहीच सुटत नाही. मोठ्या कुत्र्याचंही चघळताना मन रमतं, आणि दातांवर साचणारा थर थोडाफार घासला जातो. प्रश्न आहे तो काय द्यायचं, केवढं द्यायचं आणि केव्हा द्यायचं याचा.

पेट शॉपमध्ये सगळ्यात जास्त खपते ती मंची. बरणीत भरलेल्या तांबूस-पिवळ्या काड्या, वजनावर मिळतात. तिच्या शेजारी गाठ मारलेली पांढरी 'हाडं' टांगलेली असतात. ती हाडं नसतातच. ती आणि बहुतेक मंची म्हणजे रॉहाइड, म्हणजे गुराचं न कमावलेलं कातडं. कातडं चुना आणि सोडियम सल्फाइडमध्ये भिजवून केस काढतात, मग ते आडवं चिरतात. वरचा चिवट थर चपला-पट्ट्यांच्या चामड्याकडे जातो. आतला थर हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरा करून, गुंडाळून, गाठी मारून वाळवला की झाला च्यू. कानपूर-उन्नावच्या चामड्याच्या पट्ट्यात हा मोठा जोडधंदा आहे आणि तिथला माल परदेशातही जातो.

वाळलेलं कातडं तोंडात ओलं झालं की मऊ, बुळबुळीत होतं. सावकाश कुरतडणारा कुत्रा त्याचे बारीक तुकडे करतो आणि ते बहुधा निभावून जातं. हावरट कुत्रा मात्र शेवटचा बोटभर तुकडा तसाच गिळतो. तो घशात अडकला तर श्वास कोंडतो. अन्ननलिकेला तीन अरुंद जागा असतात: छातीच्या तोंडाशी, हृदयाच्या वर आणि पोटाच्या पडद्याआधी. गिळलेला तुकडा बहुतेक वेळा यांपैकी एका ठिकाणी थांबतो. तिथून निसटला तर जठरात पाणी शोषून फुगतो आणि पुढे आतड्यात अडतो. त्यात एक्स-रेवर हाड स्पष्ट दिसतं, कातडं तितकं दिसत नाही, म्हणून निदानालाही वेळ लागतो. कुत्र्याने काय खाल्लं हे डॉक्टरांना सांगणारं कुणी घरात नसेल तर हा वेळ आणखी वाढतो.

खऱ्या हाडांचं काय? रविवारच्या मटणातली नळी कुत्र्याला टाकणं हे आपल्याकडे प्रेमाचं लक्षण मानतात. पण शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार कपच्या निघतात, आणि त्या हिरडीपासून गुदद्वारापर्यंत कुठेही रुततात. दुकानातली भाजलेली, धुरी दिलेली हाडंही सुरक्षित नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, नोव्हेंबर २०१० ते सप्टेंबर २०१७ या काळात अशा पाकीटबंद हाडांबद्दल ६८ तक्रारी आल्या. त्यांत सुमारे ९० कुत्री आजारी पडली आणि १५ दगावली. घरची हाडं या आकड्यात धरलेलीच नाहीत.

दातांकडे तर आपलं अगदीच दुर्लक्ष होतं. कुत्र्याचा जबडा ताकदवान असतो, पण त्याच्या दातावरचं कवच माणसाच्या कवचापेक्षा पातळ, एक मिलिमीटरहूनही कमी. वरच्या जबड्यातली चौथी उपदाढ ही त्याची मुख्य कात्री. फार कडक वस्तूवर जोर दिला की या दाढेची बाहेरची कपची उडते आणि आतली नस उघडी पडते. कुत्रा मात्र जेवत राहतो. दुखणं लपवायची त्याची जात, त्यामुळे डोळ्याखाली गळू येईपर्यंत घरच्यांना पत्ता लागत नाही. पशुदंतवैद्य यासाठी एक सोपी परीक्षा सांगतात: च्यूमध्ये अंगठ्याचं नख दाबून पाहा. नखाची खूण उमटली नाही तर ती वस्तू दातांसाठी कडक आहे. सांबरशिंगासारखी शिंगं, खुरं, मोठ्या जनावरांची हाडं आणि कडक नायलॉनची खेळणी या परीक्षेत नापास होतात.

छुर्पीही बहुधा नापास होते, आणि हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण शाकाहारी घरांनी मोठ्या विश्वासाने ती जवळ केली आहे. याकच्या आणि गाईच्या दुधाचं हे हिमालयातलं वाळवलेलं चीज. नेपाळच्या डोंगरात माणसं ते तासन्‌तास तोंडात घोळवतात. घटक साधे: दूध, थोडं मीठ, लिंबाचा रस. पचायलाही कातड्यापेक्षा बरी. पण ती लाकडासारखी कडक असते, आणि झिजून लहान झालेला तुकडा गिळला जातो. द्यायचीच असेल तर तुकडा तोंडात मावेल एवढा होण्याआधी काढून घ्या. पाण्यात भिजवून मायक्रोवेव्हमध्ये फुलवला की तो कुरकुरीत होतो. पूर्ण गार करून मग द्या.

सुकवलेल्या मांसाच्या काड्या आणि डुकराचे कान यांची गोष्ट वेगळी आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत डुकराच्या कानांमधून साल्मोनेला पसरला आणि ३४ राज्यांत १५४ माणसं आजारी पडली. त्रास कुत्र्यांपेक्षा माणसांना झाला, कारण कुत्र्याला काही लक्षणं दिसली नाहीत तरी जंतू त्याच्या लाळेतून आणि विष्ठेतून घरभर फिरतात. एका खोलीत रांगतं बाळ, आजी आणि कुत्रा एकाच फरशीवर वावरत असतील, तर च्यू हाताळल्यावर साबणाने हात धुणं आणि ती जागा पुसणं हे जेवणाच्या ताटाइतकंच काळजीचं काम आहे. बुली स्टिक, म्हणजे बैलाचं वाळवलेलं शिश्न, हीसुद्धा मांसाचीच वस्तू. अशा २६ काड्या तपासणारा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सात काड्यांत ई-कोलाय सापडले, आणि एका इंचात ९ ते २२ कॅलरी निघाल्या. चार भिंतींत बसून असलेल्या छोट्या कुत्र्याला रोज अशी एक काडी म्हणजे रोज वाढणारं वजन.

पाकीटबंद मालावर किती विसंबायचं याचा धडा २००७ पासून मिळतो आहे. मुख्यतः चीनमधून आलेल्या सुकवलेल्या चिकनच्या पट्ट्या खाऊन अमेरिकेत कुत्री आजारी पडू लागली. काहींची मूत्रपिंडं गेली. २०१५ च्या अखेरीपर्यंत सुमारे ५,२०० तक्रारी, ६,२०० हून अधिक आजारी कुत्री आणि १,१४० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. एवढ्या तपासानंतरही नेमकं कारण निश्चित झालं नाही.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. २००६ च्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्यात 'अन्न' म्हणजे माणसाने खायची वस्तू; पशुखाद्य त्या व्याख्येतून वगळलं आहे. म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावर जी यंत्रणा नजर ठेवते तिच्या कक्षेत मंची येत नाही. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस ११९६८ हे मानक आहे, पण ते पाळणं उत्पादकाच्या मर्जीवर. याउलट हाच भारतीय च्यू युरोपात पाठवायचा तर तिथल्या नियमानुसार तयार मालाचे पाच नमुने तपासावे लागतात आणि प्रत्येक नमुन्याच्या २५ ग्रॅममध्ये साल्मोनेलाचा मागमूसही चालत नाही. पॅरिसमधल्या कुत्र्याला जी हमी मिळते ती कल्याण-उल्हासनगरच्या कुत्र्याला मिळू नये, हे मला पटत नाही. आपलं आयएस मानक सक्तीचं झालं पाहिजे.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे: सुटा माल घेऊ नका. सीलबंद पाकिटावर २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता आणि बनवल्याचा महिना-वर्ष छापावं लागतं. बरणीतल्या मंचीला ना गाव ना तारीख. दातांसाठी म्हणून काही घ्यायचं असेल तर अमेरिकेतल्या पशुदंत परिषदेची, व्हीओएचसीची, मोहोर पाहा. दातांवरचा थर कमी होतो याचा पुरावा दिल्याशिवाय ती मिळत नाही.

दुकानातलं सोडा, घरच्या कचऱ्याच्या डब्यातही धोका असतो. मे महिन्यात आंब्याची कोय, पावसाळ्यात कणसाचा बुरकुंडा. दोन्हींना माणसाच्या तोंडाची गोडी लागलेली असते, दोन्ही गिळताना गुळगुळीत आणि पचायला अशक्य. आतडं उघडून त्या वस्तू काढाव्या लागतात. दिवाळीत भर पडते फराळाची. बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, चॉकलेट विषारी, आणि शुगर-फ्री मिठाईत झायलिटॉल असेल तर रक्तातली साखर झपाट्याने उतरते. फटाक्यांना घाबरलेल्या कुत्र्याचं लक्ष वळवायला पुढ्यात मंची टाकू नका. भेदरलेला कुत्रा चावत बसत नाही, गिळतो.

मग सकाळी दार ओढताना द्यायचं काय? ज्याचा तुकडा पडत नाही आणि ज्यातलं अन्न पचतं, असं. पोकळ, जाड रबरी खेळणं घ्या, कुत्र्याच्या तोंडात पूर्ण मावणार नाही इतकं मोठं. त्यात बिनफोडणीचा दहीभात किंवा ताकात कुस्करलेली भाकरी भरा, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी द्या. ते चाटून काढायला त्याला बराच वेळ लागतो. आधी दोन-चार सुट्टीचे दिवस समोर बसून पाहा की तो रबर तोडत तर नाही. निघण्याआधी अर्धा तास चालवून आणलं तर एकटेपणी तो बहुतेक झोपतोच. चघळायच्या बाकी वस्तू संध्याकाळसाठी ठेवा, आपण चहा घेत शेजारी बसलेलो असताना. वीस मिनिटांनी त्या उचलून घ्या. दोन कुत्री असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत द्या, कारण हिसकावून घेतील या भीतीने कुत्रा घाईघाईने गिळतो.

वारंवार ओकारी, लाळ गळणं, तोंडावर पंजा मारणं, जेवण नाकारणं, पुढचे पाय पसरून ढुंगण वर करून उभं राहणं, कुंथूनही शी न होणं, यांपैकी काहीही दिसलं तर वाट पाहू नका. घरी मीठ किंवा पेरॉक्साइड पाजून ओकारी काढू नका. तुकडा परत येताना अन्ननलिका फाटू शकते. विठ्ठलवाडीहून परळचं बाई साकरबाई पेटिट जनावरांचं रुग्णालय पन्नासएक किलोमीटर लांब आहे, महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेलं टाटा ट्रस्टचं रुग्णालयही तितकंच दूर. म्हणून एक्स-रेची सोय असलेला जवळचा दवाखाना कुठला आणि तो दिवाळीच्या सुट्टीत उघडा असतो का, हे आजच विचारून नंबर फ्रिजवर लावा.

हाडांचे आणि चिकनच्या पट्ट्यांचे अमेरिकेतले ते आकडे हाती आले, कारण हजारो पालकांनी घडलेलं सरकारकडे लिहून कळवलं. तुमच्या कुत्र्याला एखाद्या च्यूने इजा झाली, तर पाकीट फेकू नका, उरलेला तुकडा पिशवीत बांधून ठेवा, पावती आणि एक्स-रेची प्रत जपा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.