उत्क्रांतिवाद आणि धर्मश्रद्धा : कापसाच्या बोंडातून एक विवेचन

प्रस्तावना :

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे भरलेल्या वैदिक संमेलनात तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे प्रतिपादन केले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कोठेही सांगितलेले नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व अध्यापकांनी पत्राद्वारे निषेध नोंदविला. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकाचा पहिलाच पाठ मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. विद्यार्थी हा सिद्धांत मानतो की नाही, यापेक्षा त्याला तो कळला आहे काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाचा वाटतो.

समन्वयाची मराठी परंपरा :

महाराष्ट्रात उत्क्रांतिवादाला कडवा विरोध फारसा झाला नाही. त्याला आपलेसे करण्याकडेच कल राहिला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी डार्विन व हेकेल यांच्या विचारांची सांख्यांच्या गुणपरिणामवादाशी तुलना केली. हेकेलच्या निव्वळ जडवादी निष्कर्षाशी ते सहमत नव्हते. परंतु सृष्टीचा क्रमविकास आपल्या दर्शनांना अपरिचित नाही, हे त्यांना दाखवायचे होते.

दशावतारांचा दाखला याच वळणाचा आहे. मत्स्य जलचर, कूर्म उभयचर, वराह भूचर, नृसिंह अर्धमानव आणि वामन खुजा मानव, अशी मांडणी आजही व्याख्यानांतून ऐकू येते. ही तुलना मॅडम ब्लाव्हाट्स्की यांच्या १८७७ सालच्या ग्रंथात आढळते. डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाला तो १८५९ साली, हे येथे ध्यानात घ्यावे. अवतार पुरातन असले तरी त्यांचा हा अर्थ अर्वाचीन आहे. शिवाय वराह कूर्मापासून जन्मला, असे कोणतेही पुराण म्हणत नाही. प्रत्येक अवतार स्वतंत्रपणे, एका हेतूने, वरून खाली उतरतो. कासव तर शास्त्रीय वर्गीकरणात उभयचरही नव्हे, ते सरीसृप आहे.

या गैरसमजाला आपला पारिभाषिक शब्दही थोडा कारणीभूत आहे. ‘उत्क्रांती’ या शब्दातच चढण आहे. वेदान्तात हा शब्द प्राणाने वा जीवाने देह सोडून जाण्याच्या अर्थी येतो. मराठीने तो जीवशास्त्रासाठी स्वीकारला तेव्हा ‘वर जाणे’ ही छटा सोबत आली. परिणामी कनिष्ठापासून श्रेष्ठाकडे जाणारी शिडी आणि तिच्या शेवटच्या पायरीवर मनुष्य, असे चित्र विद्यार्थ्याच्या मनात ठसते. डार्विनच्या सिद्धांतात अशी शिडी नाही, फांद्या फुटत जाणारे झाड आहे. आजचे माकड हे माणसाचे पूर्वज नव्हे. माणूस आणि चिंपांझी यांच्या शाखा सुमारे साठ ते सत्तर लाख वर्षांपूर्वी एका समान पूर्वजापासून अलग झाल्या.

‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाचे स्थानिक उत्तर :

प्रत्यक्ष पाहिल्याचा पुरावा हवा असेल तर फुलसावंगीच्या शिवारातून दूर जाण्याची गरज नाही. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. देशात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. बीटी वाणातील विषारी प्रथिनामुळे बोंडअळी मरते. तथापि लक्षावधी अळ्यांमध्ये काही मोजक्या अळ्यांत त्या प्रथिनाला दाद न देणारा जनुकीय बदल आधीपासून होता. बाकीच्या मेल्या, या उरल्या, त्यांची संतती वाढली. एका जनुकाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी गुजरातेत आढळल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे दुसरे जनुकही निष्प्रभ ठरले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील शेतकऱ्यांनी डोमकळ्या आणि किडलेली बोंडे पाहिली.

हा प्रसार रोखण्याचा उपाय बियाण्याच्या पाकिटातच होता. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जाई. ते शेताच्या कडेने पेरावे, तेथे साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचा प्रतिकारक्षम अळ्यांपासून झालेल्या पतंगांशी संकर व्हावा आणि होणारी मिश्र संतती बीटी झाडावर मरावी, असा हिशेब होता. शेतकऱ्याला मात्र ते अळीला मुद्दाम खाऊ घालणे वाटले, आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला ते तसे वाटले यात नवल नाही. पाकिटे बहुधा बांधावरच राहिली. त्यात फरदडीमुळे हंगाम लांबला आणि जवळजवळ केवळ कापसावरच जगणाऱ्या या अळीला अखंड अन्न मिळाले. उलट हिरवी बोंडअळी तूर व हरभऱ्यावरही पोसते. त्यामुळे तिच्या साध्या वंशाला निसर्गतःच आसरा राहिला. एकाच शेतातील दोन किडींची ही भिन्न कथा नैसर्गिक निवडीचा उत्तम पाठ आहे.

‘अळीने विषाची सवय करून घेतली’ असे आपण सहज म्हणतो. हे वाक्य लामार्कचे झाले, डार्विनचे नव्हे. कोणत्याही अळीने काही करून घेतले नाही. बदलले ते अळ्यांच्या समूहातील प्रमाण.

अळी अखेर अळीच राहिली, नवी जाती कोठे झाली, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर एका हंगामात मिळणारे नाही, ते काळाच्या विस्तारात आहे. आपल्या काळ्या मातीखालचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे त्याच सुमाराच्या डायनासोरांची हाडे आणि अश्मीभूत विष्ठा सापडली असून, त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. नागपूर परिसरातील जीवाश्मांचे आरंभीचे संशोधन करणारे स्टीफन हिस्लॉप हे ख्रिस्ती मिशनरी होते, ही बाबही येथे नोंदवावीशी वाटते.

खरा ताण कोठे आहे?

बायबल आणि कुराण मानणाऱ्यांच्या बाबतीत ताण मुख्यतः मानवाच्या स्वतंत्र निर्मितीपाशी येतो. हिंदू परंपरेत तो हेतूपाशी आहे. चौऱ्यायशी लक्ष योनींच्या कल्पनेत एकच जीव आपल्या कर्मानुसार योनी बदलतो. तेथे न्याय आहे. नैसर्गिक निवडीत व्यक्ती बदलत नाही, समूह बदलतो, आणि तगून राहणे हे पुण्याचे फळ नसते. दशावताराचा दाखला दिल्याने हा भेद मिटत नाही, झाकला जातो. म्हणूनच उघड नकारापेक्षा हा समन्वय शिक्षकापुढे अधिक अवघड पेच उभा करतो. नकार देणारा विद्यार्थी निदान प्रश्न तरी विचारतो. ‘हे आमच्याकडे होतेच’ म्हणणारा विचारायचे थांबतो.

महागाव तालुक्यातील वर्गात बंजारा, आदिवासी, बौद्ध, मुस्लिम, वारकरी अशा नाना परंपरांतील मुले शेजारी बसतात. बहुतेकांच्या घरी कापूस असतो. ज्या गाडगेबाबांचे नाव आपल्या विद्यापीठाला आहे, ते कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत. तीच रीत येथे उपयोगी पडावी. दिवाळीच्या सुमारास एक किडलेले बोंड वर्गात फोडावे आणि फवारणी, बियाणे, मागच्या सालचे पीक यांविषयी विचारीत ‘ही अळी का मेली नाही?’ येथवर यावे. ‘मग यात देवाचे काय?’ असे एखाद्याने विचारलेच, तर जीवशास्त्र त्याचे उत्तर देत नाही, असे सांगून पुन्हा बोंडाकडे वळावे.