जागा घेण्यापूर्वी जमिनीची चौकशी

गाळा, गोदाम किंवा एखादा बंद पडलेला कारखाना विकत घ्यावयाचा ठरला म्हणजे आपण प्रथम वकिलाकडे जातो. सात-बारा, फेरफार, मागील तीस वर्षांचे व्यवहार, बोजा, हे सारे तो पाहतो, आणि ते पाहिलेच पाहिजे. परंतु एवढ्यावरून जमीन कोणाची होती हे समजते. तिच्यात काय मुरले आहे हे कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेले नसते. खरेदीखतावर सही झाली की मालकीबरोबर तेही आपल्या पदरी पडते.

अमेरिकेत नायगारा फॉल्स या शहरी हूकर नावाच्या कंपनीने १९४२ पासून सुमारे दहा वर्षे एका अर्धवट खणलेल्या कालव्यात २१,००० टनांच्या आसपास टाकाऊ रसायने पुरली, वर माती लोटली, आणि १९५३ साली ती जागा शाळा मंडळास एक डॉलरला देऊन टाकली. रसायने पुरल्याचा उल्लेख खरेदीखतात होता. पुढे काही झाल्यास कंपनी जबाबदार नाही, असेही त्यात होते. तरी मंडळाने सही केली. तेथे शाळा झाली, भोवती घरे उठली. रसायने घरांच्या तळघरांत झिरपू लागली आणि १९७८ साली आणीबाणी जाहीर करून लोकांस हलवावे लागले. इतकी जमीन एका डॉलरला का मिळते, हा प्रश्न कवठे महांकाळच्या कोणाही दलालाने पहिल्या दिवशी विचारला असता!

आपल्याकडे तसले कारखाने कोठे आहेत, असे कोणी म्हणेल. पण रस्त्याकडेचा बंद पेट्रोल पंपच घ्या. त्याच्या टाक्या जमिनीत असतात. टाकी गंजून गळू लागली तर वरून काही दिसत नाही. पेट्रोलमधील बेंझिनने कर्करोग होतो. शिसेमिश्रित पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले, तेव्हा त्याहून जुन्या पंपाच्या मातीत शिसेही असू शकेल. आपला काळा खडक वरून अभेद्य वाटतो; पण विहिरीचे पाणी त्याच्या भेगांतूनच येते, हे विहीर खणणाऱ्यास ठाऊक आहे. तेलही त्याच वाटेने जाते. दुष्काळी तालुक्यात एक विहीर नासली म्हणजे काय होते, ते आपणास सांगावयास नको.

द्राक्षबागेची जमीन बिनशेती करून घेतली, तर वर्षानुवर्षे फवारलेल्या मोरचुदाचे तांबे मातीत राहिलेले असते. गोदामास त्याची फारशी बाधा नाही. औषधे ठेवण्याची खोली व फवारणीचा पंप धुण्याची जागा मात्र नीट पाहावी. बेदाण्याचे शीतगृह घेताना अमोनियाच्या नळ्या जाणत्याकडून तपासून घ्याव्यात. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतील, तर ते शाबूत असेपर्यंत धोका थोडा. फोडले, कापले की त्याचे तंतू छातीत जातात.

जागा पाहण्यास सावकाश जावे. पावसानंतरही गवत न उगवणारा तुकडा, जमिनीतून वर आलेली विनाकारण नळी, विहिरीवरचा तेलकट तवंग, यांकडे लक्ष असावे. शेजारच्या एखाद्या वृद्ध गृहस्थाजवळ तासभर बसावे. येथे पूर्वी काय होते, हे त्याला दप्तरापेक्षा अधिक माहीत असते. विक्रेत्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र मागावे, पंप असल्यास टाक्यांचा परवानाही. संशय आला तर माती खोलातून व अनेक ठिकाणची तपासावी. शेतकरी करतात त्या माती परीक्षणाने हे काम होत नाही. त्यात नत्र, स्फुरद, पालाश कळते, पेट्रोल कळत नाही. प्रयोगशाळेस काय शोधावयाचे ते आधी सांगावे लागते, आणि विहिरीचे पाणीही सोबत द्यावे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे विक्रेत्याने आपणास ठाऊक असलेला महत्त्वाचा छुपा दोष सांगावयाचा असतो. पण साध्या चौकशीने जो दोष घेणाऱ्यास कळला असता, तो सांगण्याचे बंधन हे कलम घालीत नाही. म्हणून विसार देण्यापूर्वी तपासणी करावी. ती लांबणार असेल, तर दोष निघाल्यास विसार परत मिळेल व टाक्या काढण्याचा खर्च विक्रेता करील, असे साठेखतातच लिहून घ्यावे.