कढीपत्त्याची पानं कोणी खाल्ली?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. हेडफोन घरी विसरला असाल तर वाचून काढा, पाच मिनिटांचं काम आहे.

सुरुवात एका गुन्ह्याच्या कबुलीने. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत बागकामाचा एक ग्रुप आहे. रविवारी सकाळी दहा-बारा जण, दोन खुरपी, एक पाइप आणि भरपूर चहा. मागे एकदा पावसाळ्यात कढीपत्त्याच्या पानांवर मला पक्ष्याची शिट पडल्यासारखं काहीतरी दिसलं. जवळ जाऊन बघतो तर ते हलतंय. अळ्या! मी पडलो इंजिनिअर, बग दिसला की फिक्स करायचा. औषध आणून फवारलं आणि ग्रुपवर फोटो टाकला, 'प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड'.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कॉलेजात बॉटनी शिकवायच्या. त्यांचा फोन आला, "अरे, फुलपाखराची पिल्लं मारलीस तू. कॉमन मॉरमॉन होतं ते."

मग त्यांनी समजावलं, ते असं. प्रत्येक झाड पानांमध्ये स्वतःची रसायनं बनवतं, कीटकांनी खाऊ नये म्हणून. त्यामुळे बऱ्याचशा अळ्या काही ठरावीकच झाडं पचवू शकतात. कॉमन मॉरमॉनची मादी पायांनी पानाची चव घेते आणि कढीपत्ता, लिंबू अशा एकाच कुळातल्या झाडांवर अंडी घालते. आपलं राज्य फुलपाखरू, म्हणजे ब्लू मॉरमॉन, तेही लिंबाच्याच कुळावर वाढतं. प्लेन टायगरला रुई लागते. बहाव्यावर कॉमन इमिग्रंटच्या अळ्या असतात. आमच्या भाषेत सांगायचं तर ही डिपेंडन्सी आहे. झाड काढलं की त्यावर चालणारं सगळं क्रॅश.

म्हणजे 'देशी झाड' ही देशभक्तीची भानगड नाही. इथल्या मातीशी, पावसाशी, किड्या-पाखरांशी ज्याचं हजारो वर्षांचं नातं आहे, ते स्थानिक झाड. गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्प आणि सुबाभूळ मध्य अमेरिकेकडचे. आपली मिरचीसुद्धा तिकडचीच, पण ती कुंडी सोडून डोंगरावर पसरत नाही. घाणेरी पसरते, सुबाभूळ पसरतं. खरी अडचण तिथे आहे.

काकूंनी मग आम्हाला वेताळ टेकडीवर नेलं. फेब्रुवारी महिना होता. गिरिपुष्पाला गुलाबी फुलांचा नुसता बहर, सगळे सेल्फी काढत सुटले. काकू म्हणाल्या, "छान दिसतंय, पण हे लावलेलं जंगल आहे. आता पळस शोधा." शोधावा लागला! एक सापडला, त्यावर पाखरांची ही गर्दी. तेव्हा मला फरक कळला.

आता सोसायटीच्या मीटिंगची गोष्ट. पार्किंगमागच्या पट्ट्यात लॉन करायचं ठरत होतं. आमच्याकडे एप्रिलपासून टँकर येतो. पुण्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो, म्हणजे लॉनला उरलेले आठ महिने पाणी पाजायचं, तेही विकतचं. आम्ही दुसरा प्लॅन मांडला: कडेला अडुळसा आणि निर्गुडीचं कुंपण, मधे धायटी आणि पारिजातक, कोपऱ्यात एक बहावा. अडुळशाच्या फुलांवर भुंगे येतात, धायटीच्या लाल फुलांवर शिंजीर येतो. बरीच वादावादी होऊन अर्धा पट्टा आम्हाला मिळाला, अर्ध्यावर लॉन झालं.

पहिल्याच उन्हाळ्यात आमची झाडं काड्यांसारखी दिसायला लागली. सेक्रेटरी काका म्हणाले, "मेलं ना सगळं? काढून टाका." मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोला. काकूंनी नखाने बहाव्याची साल जरा खरवडली. आत हिरवं! आपली बरीच झाडं पाणी वाचवायला पानं गाळतात. बारा महिने हिरवंगार ही लॅंडस्केपिंगच्या कॅटलॉगमधली कल्पना आहे, दख्खनच्या पठाराची नाही. काकांनी पाऊस पडेपर्यंत मुदत दिली. जूनमध्ये पालवी फुटली आणि तो विषय संपला.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर तीन गोष्टी:

१. 'भारतीय' म्हणजे 'स्थानिक' नव्हे. कोकण किनाऱ्यावरची उंडी पुण्याच्या मुरमात लावून उपयोग नाही. जवळच्या टेकडीवर आपोआप काय उगवतं, ते आधी बघा.

२. लावायचं ते पावसाच्या सुरुवातीला. देशी झाड म्हणून पाणीच नको, असं नसतं. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, मग ते स्वतःचं स्वतः बघतं.

३. जागा नसेल तर गॅलरीत एक कढीपत्ता लावा. पानं खाल्लेली दिसली की फवारणीआधी दोन दिवस थांबा आणि नीट बघा.

आमच्या कढीपत्त्यावर यंदा पुन्हा अळ्या आल्या. मोठ्या झाल्यावर त्या पानासारख्या हिरव्या होतात, चटकन दिसतही नाहीत. अर्धं झाड फस्त झालं, आईला पोह्यात घालायला पानं उरली नाहीत. ती म्हणाली, "असू दे, खाऊ दे त्यांना. मी भाजीवाल्याकडून आणते."

भेटूया पुढच्या भागात. तोवर खाली उतरून आपल्या सोसायटीतल्या पाच झाडांची नावं सांगता येतात का बघा. मला दोनच आली होती.