लग्नतिथीला आल्टो

सकाळी ६. सेलूहून जीप निघते. टपावर ढोल, माझा आल्टो सॅक्सोफोन मांडीवर. खड्ड्यांनी पॅड हलले की सूर गळतो. पत्ती तोंडात भिजत असते, म्हणून सकाळी मी कमी बोलतो.

८. जिंतूर तालुक्यातलं गाव. चहा होतो. इसार सोडून राहिलेल्या पैशाचं आमचे बँडमास्तर वाजवायच्या आधीच बोलून घेतात.

१०. नवरदेव मारुतीला. मे महिन्याच्या उन्हात पितळ तापतं नि सूर चढतो. गाडीवरच्या कॅसिओला त्याचं काही नाही, त्याचा सूर जागचा हलत नाही. मग मीच माउथपीस कॉर्कवर केसभर बाहेर ओढतो. फर्माईश येते 'रूप तेरा मस्ताना'ची. 'आराधना'त (१९६९) हा सॅक्सोफोन मनोहारी सिंगांनी वाजवला. त्यांच्यावर कुणी नोटा ओवाळत नव्हतं, एवढं सुख.

१२.३५. शेवटचं 'सावधान', आणि सगळा बँड एकदम.

दुपारी २. वरण-भात-बुंदी खाऊन लिंबाखाली. कानात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची 'असेन्शन'. २८ जून १९६५ ला न्यू जर्सीत एकाच दिवशी ध्वनिमुद्रित झालेली. अकरा वादक: पाच सॅक्सोफोन, दोन ट्रम्पेट, दोन बास, पियानो, ड्रम. चाळीसेक मिनिटं एकच तुकडा. आमच्या ढोलवाल्याला एक इअरफोन दिला, तर म्हणाला, "भांडण लागलंय का हो?" मलाही आधी तसंच वाटलेलं. पण नीट ऐकलं की कळतं, सगळे मिळून उसळतात, मग एकाला वाट करून देतात, त्याचं झालं की पुन्हा सगळे. फॅरो सँडर्स तर सॅक्सोफोनला किंचाळायला लावतो. तसा आवाज आमच्याकडे निघाला तर मास्तर पत्ती बदलायला लावतील. कोल्ट्रेनला भारतीय संगीताची ओढ होती. त्याच वर्षी जन्मलेल्या मुलाचं नाव त्यानं रविशंकरांवरून रवी ठेवलं. मला हेवा वाटतो तो फर्माईश नसण्याचा. नवरदेवाच्या मित्रांनी तिथं येऊन कुणाचं कोपर ओढलं नाही.

५. पत्ती बदलली. जुनीला चीर गेली होती.

रात्री ८. वरात. पोरांना डीजे हवा होता, म्हाताऱ्यांनी बँड धरला. वेशीजवळ जनरेटर बंद पडला, कॅसिओ मुका झाला. मास्तरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी दोन-तीन मिनिटं चाल सोडून मनाचं वाजवलं, ट्रम्पेटवाला मागून घुसला. नाच थांबला नाही. जनरेटर चालू झाला तशी मास्तरांनी लगेच 'नागीन' लावली.

११.३०. हिशेब. ओवाळणीच्या नोटा सारख्या वाटल्या, ढोलवाल्याला दहा जास्त. उद्याची सुपारी मानवतची आहे, जीप पाचलाच.