बार्सेलोनाच्या मंडया

स्पेनच्या ईशान्येकडील कॅटालोनिया प्रांताची राजधानी बार्सेलोना येथील आच्छादित खाद्यबाजार. कॅटलन भाषेत अशा बाजारास ‘मेर्कात’ म्हणतात. भाजीपाला, फळे, मासळी, मांस इ. नाशवंत पदार्थांची विक्री नगरपालिकेच्या देखरेखीखाली एका छपराखाली व्हावी, या हेतूने मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकात त्यांची उभारणी सुरू झाली. शहरात नगरपालिकेच्या मालकीच्या अशा सु. चाळीस मंडया असून बहुतेक प्रत्येक वस्तीला आपली स्वतंत्र मंडई आहे.

इतिहास : मध्ययुगापासून शहराचा बाजार वेशींजवळ व चौकांत उघड्यावर भरत असे. त्यामुळे रहदारीस अडथळा होई, घाण साचे आणि वजनमापांवर व मालाच्या प्रतीवर लक्ष ठेवणे कठीण जाई. १८३५ मध्ये झालेल्या धर्मसंस्थाविरोधी दंगलींत शहरातील अनेक मठ जळाले व दाटीवाटीच्या जुन्या शहरात मोकळी जागा उपलब्ध झाली. रांब्ला या हमरस्त्यावरील सांत जुझेप मठाच्या जागी १९ मार्च १८४० रोजी, म्हणजे सेंट जोसेफच्या सणाच्या दिवशी, नव्या बाजाराच्या बांधकामास प्रारंभ झाला. तिचे अधिकृत नाव सांत जुझेप असले, तरी ती ‘ला बोकेरिया’ याच नावाने प्रसिद्ध आहे. ‘बोक’ म्हणजे बोकड या शब्दावरून हे नाव आले असावे, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. तिच्यावरील धातूचे छप्पर १९१४ मधील आहे. सांता काटेरिना ही मंडईही डोमिनिकन पंथीयांच्या मठाच्या जागेवर उभी राहून १८४८ मध्ये सुरू झाली.

जुना तट १८५४ पासून पाडण्यात आला आणि इल्देफोन्स सर्दा या अभियंत्याच्या १८५९ च्या आराखड्यानुसार शहर बाहेर पसरू लागले. याच काळात लोखंडी सांगाड्यांच्या प्रशस्त मंडया बांधल्या गेल्या. जुझेप फोंतसेरेने योजलेली एल बोर्न (१८७६) आणि आंतोनी रुव्हिरा इ त्रियास या वास्तुविशारदाची सांत आंतोनी (१८८२) या त्यांतील प्रमुख होत. सांत आंतोनीची इमारत क्रुसाच्या आकाराची असून तिने सर्दाच्या आराखड्यातील एक संपूर्ण चौक व्यापला आहे. ग्रासिया हे त्या वेळी स्वतंत्र नगर होते. तेथील ल्यिबेर्तात मंडई (१८८८) १८९७ मध्ये त्या नगराबरोबरच बार्सेलोनात समाविष्ट झाली.

व्यवस्था : इमारत नगरपालिकेची असते व व्यापाऱ्यांना गाळे मुदतीच्या परवान्याने दिले जातात. एकच गाळा एका कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्याची उदाहरणे अनेक आहेत. घाऊक व्यापार पूर्वी एल बोर्नमध्ये चाले. १९७१ मध्ये तो शहराच्या कडेला मेर्काबार्ना येथे हलविण्यात आला. रिकाम्या झालेल्या एल बोर्नच्या जमिनीखाली १७१४ च्या वेढ्यानंतर पाडलेल्या वस्तीचे अवशेष मिळाले व २०१३ पासून तेथे सांस्कृतिक केंद्र आहे.

मंडईत प्रत्येक गाळा सामान्यतः एकाच प्रकारच्या मालासाठी असतो. खारवलेल्या कॉड माशाच्या गाळ्यावर तो मासा भिजवून, मीठ उतरवूनही मिळतो. शिजवलेले काबुली हरभरे व घेवड्याचे दाणे विकणारे, वजडी व काळीज विकणारे, अंडी किंवा ऑलिव्हची फळेच तेवढी विकणारे गाळेही आढळतात. शरद ऋतूत रानातील अळंबी आणि हिवाळ्यात भाजून खाण्याचे ‘काल्सोत’ नावाचे कांदे येतात. मंडईतील छोट्या उपाहारगृहांत विक्रेते व ग्राहक शेजारी बसून न्याहारी करतात.

ग्राहकाचे रीतिरिवाज : गाळ्यापुढे रांग दिसत नाही, येणारा माणूस ‘शेवटचा कोण?’ असे विचारतो व त्या व्यक्तीनंतर आपली पाळी धरतो. फळे वा मासे सहसा ग्राहकाने हाताळावयाचे नसतात. माल कोणत्या पदार्थासाठी व केव्हा हवा, हे सांगितल्यावर विक्रेता त्यानुसार निवडून, मासा असल्यास साफ करून देतो. सकाळची वेळ खरेदीस उत्तम समजतात. रविवारी मासेमारी नौका समुद्रावर जात नसल्यामुळे सोमवारी मासळीचे अनेक गाळे बंद असतात. नेहमीचा ग्राहक व विक्रेता यांच्यातील ही ओळख मंडईच्या व्यापाराचा पाया आहे.

नूतनीकरण व पर्यटन : स्वयंसेवा भांडारांच्या प्रसारामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंडयांचा ग्राहक घटू लागला. त्यावर गाळ्यांची संख्या कमी करून त्यांचा आकार वाढविणे, माल उतरविण्याची सोय तळघरात करणे आणि काही ठिकाणी मंडईतच स्वयंसेवा भांडारास जागा देणे, असे उपाय नगरपालिकेने योजले. सांता काटेरिनाचे नवे रूप (१९९७–२००५) एन्रिक मिराल्येस व बेनेदेत्ता ताल्याबुए यांनी साकारले. तिच्या लाटेसारख्या छपरावर फळाभाज्यांच्या रंगांच्या हजारो षट्‌कोनी चिनी मातीच्या फरशा आहेत. सांत आंतोनीचे काम २००९ ते २०१८ पर्यंत चालले व त्या अवधीत तेथील व्यापार लगतच्या रस्त्यावरील तात्पुरत्या मंडपात सुरू होता.

ला बोकेरियापुढील प्रश्न मात्र निराळा आहे. तेथे गर्दी आहे, परंतु ती खरेदी करणाऱ्यांची नाही. छायाचित्रे घेणाऱ्या पर्यटकांच्या दाटीमुळे शेजारच्या रहिवाशांना पिशवी घेऊन फिरणे अवघड झाले. न शिजवलेली मासळी व मांस प्रवाशांच्या उपयोगाचे नसल्याने अनेक गाळ्यांवर त्यांऐवजी रसाचे पेले, कापलेली फळे व कागदी पुड्यांतील मांसाचे काप दिसू लागले. २०१५ मध्ये नगरपालिकेने शुक्रवारी व शनिवारी गर्दीच्या वेळी पंधराहून अधिक व्यक्तींच्या पर्यटकगटांना प्रवेश बंद केला. २०२० च्या कोरोना साथीत प्रवासी येणे थांबताच या अवलंबित्वाची किंमत उघड झाली : वस्त्यांतील मंडया शेजाऱ्यांच्या खरेदीवर चालू राहिल्या, तर ला बोकेरियातील पर्यटकांवर विसंबलेले गाळे ओस पडले. ज्या दैनंदिन व्यवहाराच्या ओढीने परका प्रवासी मंडईत येतो, तो व्यवहार त्याच्या केवळ पाहण्याने टिकत नाही. तेथून थोडे तरी विकत घेणारा, आपली पाळी विचारणारा अभ्यागत मात्र त्यास हातभार लावतो. या दृष्टीने ला बोकेरियाबरोबरच सांत आंतोनी, ल्यिबेर्तात यांसारख्या वस्तीच्या मंडया पाहिल्यास या संस्थेचे मूळ स्वरूप अधिक स्पष्टपणे लक्षात येते.