जुनी पुस्तकं घेताना मी खाल्लेला साडेचार हजारांचा फटका

मागच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो, की स्टेशनरीच्या दुकानात जुन्या पुस्तकांचं एक कपाट ठेवा, जागा फुकट जात नाही. त्यावर खूप जणांनी विचारलं, "सर, माल कुठून आणायचा आणि फसवणूक कशी टाळायची?" व्हिडिओत सगळं बसत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. आणि सुरुवात माझ्याच फसवणुकीपासून करतो.

दुकान टाकून तीन वर्षं झाली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर एका विक्रेत्यानं मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाचे फोटो पाठवले. या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. फोटोत जुन्या प्रस्तावनेचं पान, पिवळा पडलेला कागद, जाडजूड पुठ्ठा. मी साडेचार हजार रुपये आधीच पाठवून मोकळा झालो. पुस्तक आलं, पहिली पानं उलटली, तर पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनानं १९७५ साली काढलेलं पुनर्मुद्रण. कोश चांगलाच आहे, आजही माझ्या टेबलावर असतो. पण तो १८५७चा नव्हे. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, "मी कुठं म्हणालो १८५७चा? तुम्हीच समजलात." आणि खरं सांगू का, चॅट परत वाचलं तर त्यानं खरंच तसं लिहिलेलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी एकच फोटो मागतो : मुद्रण-तपशिलाचं पान. मुखपृष्ठ नको, प्रस्तावना नको. शीर्षकपृष्ठाच्या मागं असतं ना, प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, साल, किंमत, ते पान. विक्रेता तो फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर व्यवहार तिथंच सोडा.

ते पान वाचायचं कसं, हे शिकायला फार दिवस लागत नाहीत. साल नसेल आणि नुसतं 'शके' लिहिलं असेल, तर त्यात ७८ मिळवा. शके १८५० म्हणजे इसवी सन १९२८-२९. किंमत रुपये-आण्यांत असेल तर पुस्तक बहुतेक १९५७च्या आधीचं, कारण त्या वर्षी १ एप्रिलला नवे पैसे आले. प्रकाशकाचं नाव तर सगळ्यात मोठा पुरावा. नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं काढली. तुमच्या हातातल्या प्रतीवर पॉप्युलर प्रकाशन असेल, तर ती कितीही जुनी दिसो, पहिली आवृत्ती नाही. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२चा. अशी पंधरा-वीस पुस्तकांची यादी वहीत करून ठेवा. पुस्तक नाव, पहिलं साल, पहिला प्रकाशक. बास. ही वही खिशात असली की पथारीवर बसलेल्या माणसासमोर तुम्ही गडबडत नाही.

आता एक गैरसमज. जुनं म्हणजे महाग असं काही नसतं. साने गुरुजींचं १९५० साली निधन झालं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणीही छापू शकतं. 'श्यामची आई' नवीकोरी स्वस्तात मिळते, मग तीस वर्षांपूर्वीची फाटकी प्रत कोण घेणार? उलट जे परत छापलंच गेलं नाही, त्याला भाव. जुने दिवाळी अंक बघा. 'मनोरंजन'च्या का. र. मित्रांनी १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून किती अंक निघाले असतील! बहुतेक रद्दीत गेले. दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ असलेला स्वच्छ अंक मिळाला तर सोडू नका. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० निघाली, मराठीतही. आज चाळिशी-पन्नाशीतली माणसं ती शोधत असतात, आणि त्यांच्याकडं पैसे पण आहेत. मराठी 'चांदोबा'चंही तसंच.

सेटचं मात्र सांभाळून. केतकरांचा ज्ञानकोश २३ खंडांचा. एकवीस खंड कुणी स्वस्तात देत असेल तर लगेच उडी मारू नका. राहिलेले दोन शोधता शोधता तुमचे केस पिकतील, आणि गिऱ्हाईक अपुरा सेट घेत नाही.

माल कुठून आणायचा? पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत हुतात्मा चौकाचा फूटपाथ, हैदराबादला रविवारी आबिड्सचा फूटपाथ. तिन्ही ठिकाणी जाऊन या, पण हिशोब करून. माझ्या वहीतली दोन खरी पानं सांगतो. पहिल्या खेपेला पुण्याहून ४० पुस्तकं आणली, २४०० रुपयांची. जाण्यायेण्याचे ९००. त्यातली २५ गेली १२० रुपयांनी, १० गेली ८० रुपयांनी, ५ पडून राहिली. आले ३८००, गेले ३३००. दोन दिवसांची मजुरी पाचशे रुपये. पुढच्या वेळी १५० पुस्तकं आणली, ठोक म्हणून ५० रुपयांनी पडली. पुस्तकं ७५००, प्रवास ९००, गाठोड्याचं भाडं ३००. नव्वद गेली १२०नं, चाळीस ८०नं, वीस पडून. १४,००० आले, ८७०० गेले. प्रवास तोच, फरक फक्त संख्येचा. पण हे विकायला मला पाच महिने लागले, हेही लिहून ठेवा.

पथारीवरच्या विक्रेत्याशी घासाघीस करा, पण एकेका पुस्तकावर दहा रुपयांसाठी हुज्जत नको. आधी सगळी बाजूला काढा, मग एकदम विचारा, "दादा, ही सगळी किती?" आणि घेताना पुस्तक नाकाजवळ न्या, हसू नका. कुबट वास आला तर बुरशी आहे, ते पुस्तक तुमच्या कपाटातली बाकीची पण खराब करेल. कसर आणि वाळवी शिवणीत लपते, मधली पानं उघडून बघा. ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि त्यावर 'रद्द' किंवा 'बाद' असा दुसरा शिक्का नसेल, तर घेऊ नका. ते चोरीचं असू शकतं.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांबद्दल वेगळं सांगायला पाहिजे, कारण आपल्या जिल्ह्यात खरा खप त्याचाच. पोलीस भरती, एमपीएससी करणारी पोरं नवी पुस्तकं परवडत नाहीत म्हणून तुमच्याकडे येणार. मूळ छापील प्रत वापरून झाल्यावर विकणं पूर्ण कायदेशीर आहे. पण बाजारात चोरून छापलेल्या प्रती पण 'सेकंडहँड' म्हणून खपवतात. छपाई पुसट, कडेची जागा वाकडी, कागद फोटोकॉपीसारखा, तर ओळखा. ती विकणं हा कॉपीराइट कायद्यात गुन्हा आहे, आणि पकडला जाईल तो दुकानदार, म्हणजे तुम्ही. आणि साल बघा हो! चार वर्षं जुनं चालू घडामोडींचं पुस्तक विकलंत, तर ते पोरगं परत तुमच्या पायरीवर येणार नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या बीडमध्ये चांगला माल मिळत नाही असं समजू नका. १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. उस्मानिया विद्यापीठात १९१८ पासून शिक्षण उर्दूतून होतं, त्यामुळे इथल्या जुन्या वकिलांच्या, मास्तरांच्या वाड्यांत मराठी पोथ्यांशेजारी उर्दू पुस्तकं निघतात. रद्दीवाला ती सगळी एकाच काट्यावर टाकतो. मला उर्दू वाचता येत नाही, पण वाचणारा माणूस मी जोडून ठेवलाय. तुम्हीही जोडा. फक्त हाताने लिहिलेली पोथी निघाली तर थांबा. ७५ वर्षांहून जुनं, महत्त्वाचं हस्तलिखित हे १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरू शकतं, त्याच्या धंद्याला परवाना लागतो. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या अंबाजोगाईचा हा जिल्हा आहे, घरात काय निघेल सांगता येत नाही. संशोधन संस्थेचा रस्ता दाखवा, स्वतः विकू नका.

दोन वर्षांपूर्वी गेवराईकडच्या एका गावातून फोन आला. शिक्षक वारले होते, मुलगा पुण्यात नोकरीला, घर विकायचं होतं. "किलोवर घ्या, पण आजच न्या." मी १४ रुपये किलोनं एक कपाट उचललं, साधारण ११०० रुपये झाले. गुरुजींच्या पत्नी दारात उभ्या होत्या. प्रत्येक पुस्तकावर गुरुजींनी सही आणि तारीख घातलेली. त्यातले दिवाळी अंक आणि दोन पहिल्या आवृत्त्या मी पुढं ७८०० रुपयांना विकल्या.

कायद्यानं काही चुकलं नव्हतं. धंदा म्हणतात तो हाच, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या काकूंना सांगून बघा ना." आठवडाभर मी ते टाळलं. मग गाडी काढली, जाऊन ३००० रुपये दिले. काकूंनी पैसे मोजले नाहीत. विचारलं, "कुणी घेतली? वाचणारा आहे का?"

तेव्हापासून घरगुती संग्रह मी दोन भागांत घेतो. साधी पुस्तकं किलोवर, रोख. ज्यांना भाव येईल असं वाटतं ती वेगळी काढून यादी करतो, यादीवर दोघांच्या सह्या, विकली गेली की ४० टक्के घरच्यांना. नफा कमी होतो का? प्रत्येक पुस्तकावर होतो. पण त्या काकूंच्या ओळखीतून मला पुढची तीन कपाटं मिळाली, आणि रद्दीवाल्याच्या आधी मला फोन येतो.

पाठवण्याच्या खर्चाचं विचारलं होतं कुणीतरी. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. पोस्टानं मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केलंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. शैक्षणिक, सामाजिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, वेळ जरा लागतो, पण ट्रॅकिंग मिळतं. तुमचं पुस्तक त्यात बसतं का, ते पोस्टात विचारून घ्या. पावसाळ्यात आधी प्लास्टिक, मग पुठ्ठा, उलटं नको.

यादीचा नमुना, ज्यावर मी सह्या घेतो, तो पुढच्या व्हिडिओत कागद हातात धरून दाखवतो. तोवर घरातलं एक जुनं पुस्तक काढा आणि त्याचं मुद्रण-तपशिलाचं पान वाचून बघा.