अकबराचा धर्म आणि निफाडचे न्यायमूर्ती

१८९९ साली लखनौच्या सामाजिक परिषदेत न्यायमूर्ती रानड्यांनी एक दाखला दिला: अकबराच्या सल्लागारांची वाट धरा, त्याच्या पणतूने, औरंगजेबाने, केलेल्या चुका टाळा. हिंदू-मुसलमान एकत्र आल्याखेरीज या देशाची प्रगती नाही, हे त्यांच्या भाषणाचे सार होते. १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला जन्मलेल्या या माणसाला अकबराचे नेमके काय मोलाचे वाटले?

१५७५ मध्ये फत्तेपूर सीक्रीला इबादतखाना उभा राहिला. आधी मुल्लामौलवींचे वाद झडले; पुढे पंडित, जैन मुनी, पारशी आणि १५८० मध्ये गोव्याहून आलेले जेझुइट पाद्रीही चर्चेला बसले. १५८२ च्या सुमारास ‘दीन-ए-इलाही’ आकाराला आला. त्याला ना धर्मग्रंथ, ना पुरोहित. शिष्याने पागोटे हातात घेऊन बादशहाच्या पायांवर डोके ठेवायचे. जन्ममहिन्यात मांस वर्ज्य. मृत्यूनंतरचे जेवण जिवंतपणीच घालायचे. ज्यांची नावे ठाऊक आहेत असे अनुयायी वीसही भरत नाहीत, आणि त्यांत हिंदू एकटा बिरबल. अकबराचा राजपूत सेनापती मानसिंह याने साफ सांगितले, जीव हवा असेल तर तो दिलेलाच आहे. धर्म विचाराल तर मी हिंदू आहे. १६०५ मध्ये बादशहा गेला आणि पंथही विरला.

टिकले ते वेगळेच. यात्राकर १५६३ मध्ये आणि बिगरमुसलमानांवरचा जिझिया कर १५६४ मध्ये, म्हणजे पंथाच्या कितीतरी आधी, रद्द झाले होते. महाभारताचे फारसी भाषांतर झाले. अकबराच्या दरबारातला इतिहासकार बदायुनी लिहितो की मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरले होते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे वय दहावरून बारावर नेले, तेव्हा पुण्यात केवढे रण माजले! अशा काळातल्या सुधारकाला हा बादशहा जवळचा वाटावा, यात नवल नाही.

१६७९ मध्ये औरंगजेबाने जिझिया पुन्हा लादला. शिवाजी महाराजांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या फारसी पत्रात त्याला अकबराचीच थोरवी ऐकवली आहे. म्हणजे मराठी मुलुखात अकबर आठवला जातो तो करमाफीसाठी. त्याचा पंथ इथे कोणाच्या खिजगणतीतही नव्हता.

खरी सरमिसळ इथे दरबाराबाहेर झाली. ‘मराठ्यांच्या सत्तेचा उदय’ या आपल्या इंग्रजी ग्रंथात (१९००) रानडे श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांच्या अनुयायांविषयी सांगतात: ते रमजानचे रोजे पाळतात आणि एकादशीही, मक्केला जातात आणि पंढरपूरलाही. यासाठी कुणाचे फर्मान लागले नाही.

राज्यकर्त्याने धर्म काढू नये. सर्वांना एकच न्याय लावावा आणि लोकांना आपापल्या वाटेने एकमेकांकडे जाऊ द्यावे. अकबराकडून घ्यायचे ते एवढेच, आणि तेवढे पुरेसे आहे.